कामतघरचा नावांचा गाळा

ज्या धंद्यात माल दिसत नाही, त्या धंद्यात किस्से फार साठतात. बाकीच्यांचा माल विकला जातो आणि जागा मोकळी होते. आमचा माल विकलाही जात नाही आणि जागाही अडवत नाही, त्यामुळे त्या मोकळ्या जागेत किस्से येऊन बसतात. मित्रमंडळींत एखादा सांगितला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा निघतो, आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, “पण तुम्ही नेमकं विकता काय?” म्हणून ते आधी सांगते.

आम्ही वेबसाइटची नावं विकतो. अमुक डॉट कॉम, तमुक डॉट इन. असं नाव थोडक्या पैशांत नोंदवता येतं, दर वर्षी फी भरली की ते आपलं राहतं, आणि पुढे एखाद्या कंपनीला नेमकं तेच हवं असेल तर चढ्या भावाने विकता येतं. या वाक्यातला ‘तर’ महत्त्वाचा आहे. आमचं सगळं भांडवल त्या ‘तर’मध्ये अडकलेलं आहे.

नावं दोन जातींची असतात. जेनेरिक म्हणजे मालाचंच नाव: गोदाम, सूत, चादर. ब्रँडेबल म्हणजे ज्याला काहीही अर्थ नाही, पण ऐकल्यावर तो असावा असं वाटतं. पहिल्या जातीची किंमत त्यामागे उभ्या असलेल्या धंद्यावरून काढता येते. दुसरीची किंमत एखाद्या अनोळखी माणसाला ते नाव किती आवडेल यावर अवलंबून असते, म्हणजे ती काढता येत नाही. ती काढण्याचा मला पगार मिळतो.

गाळा भिवंडीत, कामतघरला, आणि गाळ्यात आम्ही तिघं. मालक रामदास भोईर, मूळचे मानकोलीचे. सगळे त्यांना शेठ म्हणतात. पार्टनर नईमभाई, भिंतीपलीकडच्या पॉवरलूम कारखान्याचे मालक. आणि मी, भाषाशास्त्र शिकलेली, ‘नवे शब्द कसे घडतात’ यावर प्रबंध लिहिलेली. त्या प्रबंधाचा भिवंडीत कुणाला तरी उपयोग होतो आहे, हे माझ्या विभागाला अजून पटलेलं नाही.

चौथ्या सुनंदावहिनी, शेठच्या पत्नी. त्या गाळ्यात बसत नाहीत, पण गाळ्यातलं काहीही त्यांच्या परवानगीशिवाय हलत नाही. मानकोलीला उरलेल्या जमिनीवर शेठचं एक गोदाम आहे. त्याचं भाडं थेट वहिनींच्या खात्यात जमा होतं. ही व्यवस्था वहिनींनी नेमकी नावांचा धंदा सुरू झाला त्याच महिन्यात केली, याला योगायोग म्हणता येणार नाही.

गेल्या वर्षी त्या गाळ्यात आल्या, टेबलावरची धूळ बोटाने पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “दिवालीच्या पाडव्यापर्यंत एक तरी नाव इका. न्हायतर गाला माझ्या भावाला. तो मोबाइलची कव्हरं इकल. ती निदान दिसतान तरी.”

शेठ हसले. नईमभाई हसले. वहिनी हसल्या नाहीत. म्हणून मीही हसले नाही, कारण गाळ्याबरोबर माझी नोकरीही जाणार होती.

*

शेठची सगळी हयात जमिनींच्या व्यवहारात गेलेली. माझी पहिली शिफारस होती ‘झोरेवा’. तीन अक्षरं, उच्चार सोपा, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता येतं, आणि जगातल्या कुठल्याही मोठ्या भाषेत ती शिवी नाही. हे सगळं मी टिपण करून मांडलं.

“शिवी न्हाय हा गुण झाला?” शेठ म्हणाले.

“परदेशात विकायचं तर पहिला गुण तोच.”

“बरं. चतुःसीमा सांगा.”

मला वाटलं थट्टा चालली आहे. शेठ थट्टा करत नव्हते. जमीन घेताना पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण हे विचारतात, तसं त्यांना या नावाच्या शेजारी कोण आहे ते हवं होतं. मी सांगितलं: डॉट कॉम आपल्याला मिळतंय, डॉट इन मोकळं आहे, डॉट नेटवर कुणीतरी बसलेलं आहे पण बांधकाम नाही. खरं सांगायचं तर प्रश्न अगदी रास्त होता. माझ्या टिपणात तो मुद्दा नव्हता, हे मी मनात नोंदवलं आणि मनातच ठेवलं.

“आता सातबारा दाखवा.”

मी नोंदणीची माहिती स्क्रीनवर उघडली. शेठनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली.

“मालकाचा नाव कुठाय?”

“ते गुप्त ठेवता येतं. इथे बहुतेक सगळे तसंच ठेवतात.”

शेठ मागे टेकून बसले. आठवडाभर चेहऱ्यावर असलेला ताण उतरला.

“म्हंजे बेनामी हाय. मंग तसा सांगा ना, मॅडम. इतके दिस उगाच घाबरवलात.”

*

जेनेरिक आणि ब्रँडेबल यांतला फरक मी शेठना समजावत होते. तरलता, शेवटचा खरेदीदार, तुलनात्मक व्यवहार असे शब्द वापरून झाले होते. नईमभाई दारात उभे राहून ऐकत होते. बराच वेळ ऐकून ते आत आले.

“शेठ, मैं बताता हूँ. जेनेरिक म्हणजे ग्रे कापड. लूमवरून उतरलेलं, ना रंग ना डिझाइन. पण भाव पूऱ्या बाजाराला मालूम. कधीपण न्या, कोई ना कोई ले लेगा. और ब्रँडेबल म्हणजे प्रिंट. चल गया तो शादी का जोडा. नहीं चला तो पोछा.”

शेठना कळलं. मलाही, नाइलाजानेच, मान्य करावं लागलं की यात चूक काढता येत नाही. मी ते वाक्य शुद्ध करून अहवालात घातलं. शुद्ध केल्यावर त्यातला जीव गेला, पण अहवालात जीव असण्याची अपेक्षाही नसते.

त्याच आठवड्यात हिशेब जुळवताना माझ्या लक्षात आलं की नईमभाईंनी परस्पर डझनभर नवी नावं घेऊन ठेवली आहेत. सगळीच्या सगळी ब्रँडेबल. एक तर खोकल्याच्या औषधासारखं, दुसरं त्याच कंपनीच्या मलमासारखं.

“नईमभाई, ग्रे कापडाचा सिद्धांत तुमचाच ना?”

“मेरा ही है.”

“मग हे सगळं प्रिंट कशाला?”

नईमभाईंनी कारखान्याच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे लूम खटखटत होते.

“सारी जिंदगी ग्रे ही बनाया है, मॅडम. मजा नहीं आता.”

*

नाव चांगलं की वाईट हे ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे: फोनवर एकदा सांगावं आणि ऐकणाऱ्याने न विचारता लिहावं. शेठना ही कसोटी फार सौम्य वाटली.

“फोनवर कोनपण ऐकल. नईमच्या कारखान्यान चला. जिथं आपला आपल्याला ऐकू येत न्हाय, तिथं जो नाव पोचल तो खरा.”

लूमच्या कारखान्यात कामगार एकमेकांचं ऐकत नाहीत, ओठ वाचतात आणि हाताने बोलतात. त्यामुळे तिथे जी चाचणी होईल ती ऐकण्याची नसेल, पाहण्याची असेल, आणि तिचा निष्कर्ष फोनला लावणं शास्त्रशुद्ध नाही, असा आक्षेप मी घेतला. तो आक्षेप लूमच्या आवाजात घेतल्यामुळे कुणाला ऐकू गेला नाही.

शेठनी एका टोकाला उभं राहून ‘झोरेवा’ म्हटलं. दुसऱ्या टोकाच्या कामगाराने ओठ पाहिले, मान डोलावली, शेजाऱ्याला ओठांनीच सांगितलं. शेजाऱ्याने पुढच्याला. नाव एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं आणि जसंच्या तसं शेठकडे परत आलं. शेठ मला म्हणाले, “बगा.” मी पाहिलं.

नंतरच्या आठवड्यात नईमभाई चहा घेऊन आले.

“मॅडम, वो आपका झोरेवा. कोपऱ्यातली एक लूम आहे, सारखा धागा तोडते. लोकांनी तिचं नाव झोरेवा ठेवलंय. सुबह से वही चालू है, झोरेवा बैठ गई, झोरेवा को मिस्त्री लगा, झोरेवा ने शिफ्ट खराब कर दी.”

“म्हणजे नाव लक्षात राहतं,” मी म्हटलं.

“हां, ब्रँड तो बन गया. माल खराब निकला.”

*

गाळ्याबाहेर शेठनी एक पांढरा फळा लावला आहे. त्यावर विक्रीसाठी असलेली दहाबारा नावं मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात. मी याला विरोध केला होता, कारण कामतघरच्या रस्त्यावरून रिक्षाने जाणारा माणूस ब्रेक दाबून वेबसाइटचं नाव विकत घेईल याची शक्यता मला शून्याच्या पलीकडे कुठे दिसत नव्हती.

एक दिवस कशेळीचं एक जोडपं स्कूटरवरून उतरलं. बाईच्या कडेवर तान्ही मुलगी. नवरा फळ्याकडे पाहत म्हणाला, “यातलं निलोरा कसं दिलं? परवा बारसं आहे, घरात एकमत होत नाही.”

मी त्यांना सांगितलं की मुलीचं नाव ठेवायला पैसे लागत नाहीत, ते आमच्या मालकीचं नाही आणि आम्ही अडवूही शकत नाही. हे मी तपशिलाने सांगत असतानाच शेठ बाहेर आले, मुलीला पाहिलं आणि म्हणाले, “घ्या, घ्या. तुमचाच हाय.” वर मुलीच्या मुठीत एक नोट दिली. म्हणजे या व्यवहारात माल गेला आणि पैसेही गेले.

संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा शेठनी मोठ्या ऐटीत सांगितलं, “एक गेला.”

“पैसे?”

“लेकराचा नाव हाय, पैसे कशे घेनार?”

“मंग तो धरायचा न्हाय.”

वहिनी गेल्यावर नईमभाईंनी शेठच्या खांद्यावर हात ठेवला. “दिल छोटा मत करो शेठ. लडकी बडी होगी, कंपनी खोलेगी. डॉट कॉम तो अपने ही पास है.”

शेठनी तत्काळ मला निलोराची पुढच्या जितक्या वर्षांची भरता येईल तितकी फी एकदम भरायला लावली. आमच्या सगळ्या साठ्यात संभाव्य खरेदीदार नावानिशी माहीत असलेलं ते एकच नाव आहे.

*

नावाचा अंदाजे भाव सांगणारी यंत्रं इंटरनेटवर फुकट मिळतात. नाव टाकायचं, आकडा येतो. मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. पूर्वी कुणाला काय भाव मिळाला त्याची सरासरी ती सांगतात. उद्या कुणी येईल का, हे त्यांना माझ्याइतकंच कळत नाही. फरक इतकाच की त्यांना त्याची लाज वाटत नाही.

शेठना मात्र त्या यंत्राचा नाद लागला. दुपारी डबा येईपर्यंत एकेक नाव टाकत बसायचे. एकदा त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. यंत्राने जो आकडा दिला त्यात एक वडापाव आला असता, चहा वेगळा घ्यावा लागला असता.

“लांब पडतंय,” मी समजूत काढली. “आडनावासकट इतकं लांब कोण टाइप करणार?”

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. नईमभाईंना राहवलं नाही. त्यांनी पुढे वाकून ‘सुनंदा’ टाइप केलं. आकडा आला. शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता.

“हा कसा काय?” शेठनी मला विचारलं. आवाजात तक्रार होती, जणू यंत्र माझ्या माहेरचं आहे.

मी नियमाप्रमाणे सांगितलं: एकच शब्द, लहान, देशभर माहीत असलेला, साडीपासून मसाल्यापर्यंत कशालाही चालणारा.

वहिनींनी डबा टेबलावर ठेवला, स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला.

“यंत्राला कलला,” त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

*

आता जो किस्सा सांगते तो शेठसमोर सांगत नाही.

मानकोलीच्या एका माल वाहतूक कंपनीचा अधिकारी गाळ्यात आला. तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. त्यांना गोदामं भाड्याने देण्यासाठी वेबसाइट काढायची होती आणि आमच्याकडे नेमकं ‘गोदामभाड्याने’ हे नाव होतं. अस्सल ग्रे कापड. शेठची खरेदी. पाडवा अजून दूर होता, पण कधीतरी येणारच होता, त्यामुळे आम्ही तिघांनीही खुर्च्या सरळ केल्या.

शेठनी भाव सांगितला. तो सांगण्याआधी मला विचारला असता तर मी निम्मा सांगितला असता. मुलाने लॅपटॉपमध्ये काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, “चालेल सर. आजच ट्रान्स्फर करू या?”

मला वाटलं, झालं. नईमभाईंनी चहा सांगायला हात वर केला. आणि शेठचा चेहरा उतरला. त्यांनी मला खुणेने गाळ्याच्या मागच्या बाजूला नेलं.

“लगेच हो बोलला.”

“उत्तमच झालं की.”

“उत्तम कसा? कशाला बोलला? घासाघीस का न्हाय केली?”

मग त्यांनी हळू आवाजात वडिलांची गोष्ट सांगितली. मानकोलीला रस्त्याकडेची जमीन होती. एक माणूस आला, भाव विचारला, सांगितला तो कबूल केला, चहा प्यायला आणि गेला. घरात सगळे खूश. मग तिथे मोठा रस्ता आला, नाका झाला, गोदामं झाली. “बा मरेपर्यंत एकच बोलायचे, जो घासाघीस करत न्हाय त्याच्याजवल नकाशा असतो.”

“शेठ,” मी म्हटलं, “इंटरनेटवरून हायवे जात नाही.”

“तुमाला काय ठावं? तुमची जमीन गेली न्हाय.”

शेठ पुढे गेले आणि त्या मुलाला अत्यंत प्रेमाने म्हणाले, “इकायचा न्हाय.” मुलाला वाटलं भाव वाढवायचा डाव आहे. त्याने थोडे वाढवले. त्याबरोबर शेठची खात्रीच पटली. त्यांनी त्याला चहा पाजला, रिक्षापर्यंत सोडलं, आणि परत येऊन आम्हाला विजयी मुद्रेने सांगितलं, “वाचलो.”

काही दिवसांनी त्या कंपनीची पाटी रस्त्यावर लागली. त्यांनी एक नवंकोरं, संपूर्ण निरर्थक, तीन अक्षरी नाव स्वतःच बनवून नोंदणीच्या किमतीत घेतलं होतं. ब्रँडेबल नावांना भविष्य आहे हा माझा सिद्धांत त्या पाटीने सिद्ध केला. शैक्षणिकदृष्ट्या माझं समाधान झालं, पण धंद्याच्या दृष्टीने तो दिवस कोराच गेला.

“मॅडम, आप जीत गईं,” नईमभाई म्हणाले. “चाय आज आपकी तरफ से.”

*

पाडवा जवळ आला आणि आमच्याकडे विकलं गेलेलं एकही नाव नव्हतं.

त्यातच गटाराच्या कामासाठी गाळ्यासमोरचा रस्ता खणला. शटरपर्यंत पोचायला फळी टाकावी लागायची, तीही कुणीतरी नेली. गाळा काही दिवस बंद राहिला आणि शेठ घरी राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची पाहणी केली. दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या: गॅसच्या जवळचा पट्टा म्हणजे मोक्याची जागा, तिथे मेथीचे दाणे कशाला, तिथे चहा-साखर पाहिजे. त्यानंतर त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला विकाऊ भाव लावायला सुरुवात केली, आणि वहिनी वरणाला फोडणी देत असताना मागे उभं राहून, “यात हिंग उशिरा पडला,” असं ते म्हणाले, हे मला वहिनींनी फोनवर सांगितलं. वहिनींनी मला त्यापूर्वी कधीही फोन केला नव्हता.

“मॅडम, हा गटार कधी बुजल?”

“ते माझ्या हातात नाही, वहिनी.”

“कोनाच्या हातान हाय त्याचा नंबर द्या.”

गटार बुजलं. गाळा उघडला. आम्ही तिघांनी बसून ठरवलं की आता शेवटचा उपाय: एक नाव इंटरनेटवरच्या लिलावात टाकायचं. तिथे देशोदेशीचे लोक बोली लावतात, कोण कुठला कुणाला कळत नाही, वेळ संपेल तेव्हा ज्याची बोली वर त्याचं नाव. निवड माझ्यावर सोपवली. मी ‘तालुमी’ निवडलं. गेलं तर माझा अंदाज खरा, गाळा राहिला, पगार राहिला. नाही गेलं तर मोबाइलची कव्हरं.

लिलाव संपायची वेळ दुपारची होती. त्या दुपारी वहिनींचा भाऊ टेप घेऊन आला. त्याचा काही दोष नव्हता, त्याला बहिणीनेच सांगून ठेवलं होतं. तो भिंती मोजत होता आणि मधूनमधून विचारत होता, “दाजी, हा प्लग चालू हाय ना?”

शेठ म्हणाले, “चालू हाय. तू बंद हो.”

बोली सुरू झाली आणि मला आश्चर्याचा धक्का बसला. एकाने लावली, दुसऱ्याने चढवली. पहिल्याने पुन्हा चढवली. माझ्या आयुष्यात माझ्या एखाद्या मताला इतक्या वेगाने पाठिंबा मिळालेला नव्हता. मी शेठना आणि नईमभाईंना मुद्देसूद समजावू लागले की पाहा, अर्थ नसलेल्या शब्दाला बाजार असतो, कारण दोन स्वतंत्र खरेदीदार एकमेकांना न ओळखता त्याच निष्कर्षाला पोचतात.

समजावता समजावता एक गोष्ट माझ्या नजरेला आली. शेठनी चष्मा लावून फोनकडे पाहिलं की बोली चढत होती. मग नईमभाई “जरा हवा खाऊन येतो” म्हणून पायरीवर जात, आणि बोली पुन्हा चढत होती. निरीक्षण एकदा झालं तर योगायोग. मी आणखी तीनदा पाहिलं.

“शेठ,” मी म्हटलं, “फोन दाखवा.”

शेठनी फोन छातीशी धरला. “कशाला?”

“नईमभाई, तुम्हीही आत या. तुमचाही दाखवा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. असा चेहरा मी फक्त परीक्षेच्या वर्गात पाहिला आहे.

“म्हंजे तो तू हायस?” शेठ म्हणाले.

“और वो आप हो?”

“अरे, लिलावान भाव चढवाला आपला एक मानूस लागतो. जमिनीत लागतो, बैलात लागतो. मना वाटला, यात पन लागल.”

“वही तो. मैंने भी वही सोचा. सूत मंडी में मेरे अब्बा यही करते थे.”

“निदान एकमेकांना सांगायचं तरी,” मी म्हटलं.

“सांगला तर मंग ती चोरी झाली,” शेठ म्हणाले.

परिस्थिती अशी होती: सगळ्यात वरची बोली नईमभाईंची होती. म्हणजे आम्ही आमचंच नाव आमच्याच पैशांनी विकत घेत होतो आणि वर लिलाववाल्यांना कमिशन देणार होतो. लावलेली बोली मागे घेता येत नव्हती. हे मी दोघांना सांगितलं.

“वहिनी इसको बिक्री गिनेंगी क्या?” नईमभाईंनी विचारलं.

“ती? ती न्हाय धरायची.” शेठ खुर्चीत खचले. “तिनं बारशाचा नाव धरला न्हाय.”

दोघांनी आपापले फोन टेबलावर पालथे ठेवले. वहिनींच्या भावाने टेप गुंडाळला आणि फळ्या कुठे ठोकायच्या याच्या खुणा पेन्सिलने करू लागला. वेळ संपत आली.

आणि बोली चढली.

दोघांनी एकदम हात वर केले, पोलिसांनी धरल्यासारखे. मग दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी माझा फोन त्यांच्या फोनशेजारी पालथा ठेवला. स्क्रीनवरचा आकडा तसाच राहिला, वेळ संपली, आणि तालुमी विकलं गेलं.

नईमभाई म्हणाले, “या अल्लाह, तेरा शुक्र है,” आणि पायरीवर जाऊन खरोखरच हवा खाल्ली. शेठनी स्क्रीनवरचा आकडा वहीत उतरवून घेतला. मग म्हणाले, “जर्मनी असल. त्यानला असली नावं आवडतान.”

पैसे जमा झाल्यावर नाव खरेदीदाराकडे सोपवायचं काम माझं असतं. त्यासाठी खरेदीदाराचा ईमेल मला दिसतो. दुसऱ्या दिवशी मी तो उघडला. पत्ता जर्मनीचा नव्हता. त्यात ‘सुनंदा’ होतं आणि त्यापुढे वहिनींचं माहेरचं, म्हणजे त्यांच्या भावाचं, आडनाव होतं. मी दोनदा वाचला, नाव सोपवलं आणि संगणक बंद केला. शेठ समोर बसून नईमभाईंना सांगत होते की पुढच्या वेळी जपान घेऊ.

पाडव्याच्या सकाळी वहिनी नवी साडी नेसून, ताट घेऊन गाळ्यात आल्या. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, पण वहिनींनी ते घरी न करता गाळ्यात केलं. शेठ पाटावर बसले. वहिनींनी कुंकू लावलं, ओवाळलं. शेठनी लिलावाच्या पैशांचं पाकीट ताटात टाकलं. कमिशन तेवढं वजा होतं.

वहिनींचा भाऊ दारात उभा होता. “ताई, मंग गाल्याचा काय?”

“न्हाय रं. इकला त्यांनी. मी बोलले होते, एक इकला तर गाला त्यांचा. शब्द म्हंजे शब्द.”

भाऊ पेन्सिलच्या खुणांकडे पाहत निघून गेला. शेठ नईमभाईंना ताटातला पेढा देत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगत होते की शेवटच्या क्षणी बोली कशी आली, जर्मन माणूस कसा थांबून राहतो, त्याला घाई नसते. वहिनी सगळं नीट ऐकून घेत होत्या, मधे मधे “हो काय?” म्हणत होत्या.

मग त्यांनी ताटातलं पाकीट उचलून पर्समध्ये ठेवलं, माझ्याजवळ आल्या, मला पेढा दिला आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “मॅडम, फुडच्या पाडव्याला जरा स्वस्तातला काढा.”